गंगी रडली नाही

“आय हॅव ऑलरेडी फिल्ड द वॉटर,” रंजिता माझ्या उजव्या कानात ओरडली. “आय हॅव जस्ट लॉक्ड द हाऊस. आय हॅव नेव्हर...”

“नेव्हर काय?” स्कूटर खड्ड्यातून काढत मी विचारलं.

“आय हॅव नेव्हर सीन सच अ बॅड रोड, सर.”

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्यासमोर हसायचं नाही, हा माझा एकतीस वर्षांचा नियम आहे. “अन चौथं?”

“आय हॅव येट टू पास ट्वेल्थ इंग्लिश.” हे मात्र ती हळूच म्हणाली.

ही चार वाक्यं म्हणजे आमचा रोजचा रिवाज. वर्षभर ती संध्याकाळी पाचला माझ्या ओसरीवर यायची आणि चप्पल काढायच्या आधी, उभ्या-उभ्या चार वाक्यं म्हणायची. एक ऑलरेडीचं, एक जस्टचं, एक नेव्हरचं आणि शेवटचं येट टूचं. पहिली तीन रोज बदलायची. चौथं वर्षभर तेच होतं.

रंजिता राठोड. वय एकेचाळीस. आमच्या गावाला लागून तांडा आहे, तिथल्या अंगणवाडीत सतरा वर्षांपासून मदतनीस. मदतनीस म्हणजे लेकरं घरोघरून गोळा करून आणणं, खिचडी शिजवणं, ताटं घासणं, नाकं पुसणं. खुर्चीत बसून रजिस्टर भरणाऱ्या त्या सेविका, विमलताई. विमलताई जूनमध्ये घरी बसणार होत्या आणि जुलैत त्यांची जागा भरायची होती. मदतनीस बारावी पास असेल तर हक्क तिचा. नसेल तर बाहेरून कोणीतरी बावीस वर्षांची पोरगी येणार, आणि रंजिता तिच्या हाताखाली पुन्हा ताटं घासणार. बारावीचे बाकीचे विषय तिने कधीच काढले होते. इंग्रजी दोनदा राहिलं होतं. हा फेब्रुवारीचा पेपर शेवटचा, कारण पुरवणी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ती खुर्ची भरलेली असणार.

आणि मी भगवानराव. रिटायर इंग्रजी मास्तर. खरं सांगायला आता कोणाची भीती नाही म्हणून सांगतो, एकतीस वर्षं मी फळ्यावर हॅव, हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप लिहून पोरांकडून घोकून घेतलं. पोरं पास झाली ती गाईडवर. माझ्यामुळे इंग्रजी आलं असा एक माणूस उमरखेड तालुक्यात सापडला तर मला कळवा. रंजिता पहिल्यांदा विचारायला आली तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. आतून आमच्या वच्छलाबाई बोलल्या, “एका बाईले पास करता येत नसंल, तं कायचे जी तुमी मास्तर?” झालं. बसलो शिकवायला.

पहिले दोन महिने नुसतं डोकं फुटायची पाळी आली. तिला पाठ व्हायचं, पण टिकायचं नाही. एकदा तिने वही माझ्यापुढे आपटली.

“सर, हे ‘येट’ मधात कायले घुसते? अन याच्यामागं पुन्हा ‘टू’ काहून?”

“घुसते म्हणजे घुसते! नियम आहे.”

“कोनाचा नियम?”

एकतीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं. मी चिडलो, तिला अद्वातद्वा बोललो, वही उचलून घरी जा म्हणालो. ती गेली. माझ्या मनात, सुटलो बाप्पा. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच दारात हजर. “चला सर, तुमाले एक दाखवतो.”

मला तिने अंगणवाडीत नेलं. लेकरांचं जेवण चाललं होतं. भिंतीला एक लाकडी फळी, तिच्यावर ताटं उभी करून ठेवलेली. खाली एका टोपल्यात ओली ताटं. आणि दाराशी पाच-सात लेकरं हातात रिकामी ताटं घेऊन रांगेत उभी. रंजिताने ओला हात पदराला पुसला आणि बोट दाखवत सांगायला लागली.

“फळीवरचे ताट वाळले, सर. हे लेकरं कव्हाचेच जेवले. हे ऑलरेडी. टोपल्यातल्या ताटाले अजुक पाणी हाय, हे आत्ताच उठले. हे जस्ट. अन हे रांगेतले, यायच्या हातात ताट हाय पण पोटात काही नाही. यायचं जेवणं बाकी हाय. हे येट टू. बराबर हाय का?”

मी खाली बसकण मारली. कोपऱ्यात एक पोरगं गालाला भात लावून भिंतीशी पेंगत होतं. मी त्याच्याकडे बोट केलं. “अन हा?”

“याले खातानी म्या पाह्यलं नाही. पण गालाले भात हाय, म्हंजे जेवला असंल.”

“ही सीम्स टू हॅव ईटन,” मी म्हणालो.

“सीम्स टू हॅव ईटन,” ती म्हणाली, आणि त्याचा गाल पुसला.

त्या दिवशी मला स्वतःलाच पहिल्यांदा इंग्रजी आलं असं वाटलं. यात काही अतिशयोक्ती नाही. पुढे जे काही शिकवलं ते त्या फळीवरूनच. हळद शिजली का, शेण काढलं का, शेजारीण माहेराहून आली का, सगळं आम्ही फळी, टोपलं आणि रांग यांत वाटून टाकायचो.

शिकवणी चालू असताना रोज साडेपाचला तिचा फोन वाजायचा. तिची आई रुपीबाई. त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. फुलसावंगीकडे एका तांड्यावर ही म्हातारी राहायची, मोठ्या लेकीजवळ. मोठी लेक गंगी, नवरा वारल्यापासून माहेरीच होती. रुपीबाईला परीक्षा म्हणजे काय, ती कधी असते, निकाल कधी लागतो, यातलं काहीही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, शिकवणीला बसलेलं माणूस कोणत्याही दिवशी पास होऊ शकतं. म्हणून रोज फोन करून एकच विचारायची.

“झाली का पास?”

“नाही याडी. अजुक बाकी हाय.”

“बरं.” आणि फोन बंद.

सुरुवातीला मला याचा भारी राग यायचा. मग सवय झाली. मग असं झालं की साडेपाच झाले आणि फोन आला नाही तर मीच घड्याळाकडे पाहायचो. पेपरच्या आदल्या दिवशी फोन आला, पण म्हातारीने नेहमीचा प्रश्न केलाच नाही. “उद्या न?” एवढंच म्हणाली. आवाज दम लागल्यासारखा होता. रंजिता म्हणाली, “सर, याडीचा आवाज बरा नाही वाटला.” मी म्हणालो, “थकली असेल. तू पत्रलेखन घे.” हे माझं वाक्य मला अजून टोचतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बंजारा बायका एकमेकींना खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात. नुसतं हुंदके देणं नाही, चालीवर रडणं. त्या रडण्यात मागच्या भेटीपासून जे-जे घडलं ते सगळं सांगायचं असतं. मी नोकरीला नवा होतो तेव्हा उमरखेडच्या स्टँडवर अशा दोघी पाहिल्या. मी टोपी काढून जवळ गेलो आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, “कोण गेलं हो?” त्या दोघी रडणं थांबवून माझ्याकडे पाहायला लागल्या, आणि मग अशा हसल्या की काय सांगू. एक म्हणाली, “कोणी नाही गेलं जी! भाची आली लग्नाले!” त्यानंतर मी कधी टोपी काढली नाही.

आणि या रडण्यात गंगीचा हात धरणारी कोणी नव्हती. रंजिता अभिमानाने सांगायची, “आमची बाई रडाले लागली का दोन कोसावर आयकू येते.” मोठ्या बहिणीला त्या बाई म्हणतात. पण गेल्या दिवाळीत दोघींचं बिनसलं होतं. रंजिता एकाच दिवसासाठी माहेरी गेली आणि तिथेही पुस्तक घेऊन बसली. गंगीने ते पुस्तक उचलून चुलीजवळच्या लाकडांत फेकलं. “तुले पुस्तकच याडी झालं आता,” म्हणाली. तेव्हापासून दोघींची भेट नव्हती.

तर आम्ही उमरखेडच्या कॉलेजच्या गेटाशी पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कॉपी रोखायला मोठा बंदोबस्त. दोन पोलिस, झडती घ्यायला एक मॅडम, आणि सगळीकडे सतरा-अठरा वर्षांची पोरं-पोरी. त्यांच्यात आमची रंजिता अंगणवाडीची साडी नेसून, हॉल तिकीट हातात घट्ट धरून. तिचा मोबाईल मी सकाळीच बंद करून घरी ठेवायला लावला होता. मी पेनं तपासत होतो तेवढ्यात ती ओरडली, “बाई!”

गेटासमोरच्या कडुनिंबाखाली गंगी उभी होती. घागरा, आरशांची कांचळी, डोक्यावरून ओढणी. पायात काही नव्हतं. ते मला दिसलं आणि मी सोडून दिलं. रंजिता हात पसरून धावली. सगळं भांडण, सगळा राग बाजूला टाकून. मी मनात म्हटलं, आता दहा मिनिटं गेली. रडतील पोटभर.

गंगी मागे सरकली.

ओढणीचं टोक तिने दातांत धरलं होतं. एक हात पुढे करून तिने रंजिताचा दंड पकडला, तिला दूरच ठेवलं, आणि एवढंच बोलली, “जा. लिही.”

“बाई?”

“जा म्हनतो न.”

रंजिता माझ्याकडे परत आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. “पाह्यलं न सर? दिवाळीचा राग अजुक गेला नाही. मले रडली नाही ती. परक्या बाईसारखी उभी राह्यली.” डोळे भरले. हॉल तिकिटावर थेंब पडला, तो तिने पदराने टिपला.

माझं डोकं फिरलं. वर्षभराची मेहनत, आणि ही बाई ऐन गेटावर येऊन पोरीचं मन मोडते! पण आधी रंजिताला सांभाळणं भाग होतं.

“चार वाक्यं म्हण.”

“सर, आता...”

“म्हण म्हणतो ना!”

तिने म्हटली. पहिलं चुकलं, दुसरं अडखळलं, चौथं नीट आलं. मग तिने नाक पुसलं, हॉल तिकीट दाखवलं, झडती दिली आणि मागे न बघता आत गेली. साडेदहाला गेट लागलं.

मी तरातरा कडुनिंबाखाली गेलो आणि गंगीला फाडफाड बोललो. “कायले आल्या होत्या तुमी इथं? तमाशा करायले? तिची जिंदगी आहे या पेपरात. रडायचं नव्हतं तं यायचंच नव्हतं. बहीण आहात का वैरीण?”

ती ऐकत राहिली. तिचं लक्ष गेटाकडे होतं. माझं बोलून झालं तेव्हा तिने ओढणीचं टोक दातांतून काढलं.

“गेट लागलं न, सर?”

“लागलं.”

“आता नाही न येत थे बाहीर?”

“दोन वाजेपर्यंत नाही.”

“मंग आयका. याडी गेली. पहाटं पाच वाजता.”

मी आयुष्यात पुष्कळांना बोललो आहे. पण बोललेले शब्द परत गिळता आले असते तर मी त्या दिवसाचे गिळले असते. मी टोपी काढली. पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून तिच्याजवळ, निंबाच्या पारावर बसलो.

तिने थोडं थोडं करून सांगितलं. रुपीबाईला तीन दिवसांपासून दम लागत होता. पण रंजिताशी फोनवर बोलताना ती भिंतीला टेकून बसायची आणि आवाज धड ठेवायची. पहाटे जास्त झालं तेव्हा गंगीने फोन लावायला घेतला. म्हातारीने तो तिच्या हातातून ओढून स्वतःच्या उशीखाली घातला.

“म्हने, पेपर हाय तिचा. आता नाही सांगाचं. लेहून बाहीर आली का सांगजो. उशीवर डोकं ठेवलं अन फोन दाबून धरला. मंग थे डोकं पुन्हा उचललंच नाही तिनं.”

“मग तुम्ही इथं...”

“तांड्यावरचे चार लोक आज बाजाराले आले, सर. कोनी स्टँडवर तोंड उघडलं असतं, अन ही तशीच माघारी पळाली असती. म्हनून मी सात वाजताच्या गाडीनं आली. राखन कराले.”

“अन रडल्या नाही...”

“कशी रडू? आमचं रडनं ठाऊक हाय न तुमाले? त्याच्यात सारं सांगा लागते. कोनाचं लगन झालं, कोनाची म्हैस याली, कोन आजारी पडलं. एकदा गळ्यात पडली असती, तं याडीवर येतपर्यंत मले थांबताच आलं नसतं. खोटं रडता येत नाही, सर, अन अर्धंही रडता येत नाही.”

तांड्यावर रुपीबाईला तशीच निजवून ठेवली होती. तांड्याचा प्रमुख, नायक खेमसिंग, याने चार वाजेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. चार म्हणजे चार, पुढे नाही. भावकीतले काही जण कुरकुरले होते, की इकडे मयत झाकून ठेवायची आणि तिकडे पोरगी इंग्रजी लिहून राहिली, ही कोणती रीत? गंगी त्यांना म्हणाली, “बुढीनंच सांगतलं. भांडाचं असंल तं तिच्यासंग भांडा.”

अकराची घंटा झाली. पेपर सुरू झाला.

एकतीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा केला. तीन तास म्हणजे किती हे मला कळत होतं असं मी समजत होतो. त्या दिवशी कळलं. मी रसवंतीवरून रस आणला. गंगीने घेतला नाही. “तोंड उघडलं का निघते थे,” म्हणाली, आणि पुन्हा ओढणी दातांत धरली. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं सारखी घागऱ्याच्या काठाशी चाळा करत होती. अनवाणी पाय धुळीने माखले होते. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. हे बरोबर आहे का? ती आत बसून अर्ज लिहिते आहे आणि तिची आई गेलेली आहे. सगळ्या जगाला माहीत, तिलाच नाही. उद्या तिने मला विचारलं, सर, तुम्हाला ठाऊक होतं न? तेव्हा मी काय सांगू?

बारा वाजून गेले तेव्हा मी उठलो आणि गेटाकडे निघालो. पोलिसाने विचारलं, “काय पाह्यजे काका?” मी तोंड उघडणार तोच गंगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोक्याने माझ्या खांद्याएवढी बाई.

“सर, आज थे उठली तं याडी वापस येते का?”

“नाही, पण...”

“सतरा वर्सं थे लोकायच्या लेकरायचे ताट घासून राह्यली. म्या तिचं पुस्तक फेकलं होतं. मले आज थे पुस्तक उचलून देऊ द्या. तुमी मास्तर हा न तिचे? मंग बसा गुमान.”

मी बसलो. गुमान. एकतीस वर्षांत मला असं कोणी बसवलं नव्हतं.

दोनची घंटा झाली आणि गेट उघडलं. पोरं धबाधबा बाहेर आली. कोणी पेपर सोपा म्हणत होतं, कोणी सेट करणाऱ्याच्या नावाने शंख करत होतं. आमची रंजिता सगळ्यांत शेवटी आली. चालणं अगदी संथ. माझ्यासमोर थांबून तिने प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली, दोन्ही पेनं दिली, हॉल तिकीट घडी घालून दिलं. जणू घासलेली ताटं फळीवर लावते आहे. मग ती कडुनिंबाखाली गेली आणि गंगीच्या पायांकडे पाहिलं.

“बाई,” ती म्हणाली, “किती वाजता गेली?”

गंगीच्या दातांतली ओढणी सुटली. “पहाटं. पाच वाजता.”

आणि मग ते निघालं. साडेतीन तास दाबून धरलेलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि गंगीने असा सूर लावला की रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या. पोरं मागे वळून पाहायला लागली. तो मघाचा पोलिस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काय झालं काका? पेपर भलताच हार्ड होता का?”

मी म्हटलं, “हो बाबा. फार हार्ड होता.”

स्कूटर तिथेच सोडली आणि आम्ही तिघं एका काळीपिवळी जीपमध्ये बसलो. उमरखेड मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजवणं चालू होतं, तिचा वास जीपमध्ये भरला. शेवटी मला राहवलं नाही.

“रंजिता, तुला आत कधी कळलं?”

“साडेबाराच्या मधात, सर. अर्ज लेहून राह्यली होती. मले वाटे, बाई रागात हाय म्हनून रडली नाही. मंग मनात आलं, बाई रागात असंल तं जास्तीच रडते. रागाचं रडनं तं तिचं शिवारात आयकू येते. अन तिचे पाय पाह्यले होते मी. बिनचपलीची बाई घरातून कव्हा निघते?” ती खिडकीबाहेर पाहत होती. “मंग याडीचा कालचा आवाज आठवला, अन सारं कळलं.”

“मग उठली काहून नाही?”

“उठनारच होती. पेनाचं टोपनही लावलं होतं. मंग म्हनलं, मी आता गेली तं याडीले काय सांगू? वर्सभर एकच तं इचारलं तिनं.” नाक पुसून तिने गंगीचा हात हातात घेतला. “टोपन काढलं अन लेहत बसली. अक्षर खराब आलं, सर.”

मी म्हटलं, “चालते.” मी, भगवानराव, खराब अक्षराला पहिल्यांदा चालते म्हणालो.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून निकालाचं इथेच सांगून टाकतो. मे महिन्यात लागला. इंग्रजीत त्रेचाळीस. जुलैपासून ती त्या अंगणवाडीची सेविका आहे, रजिस्टर भरते, आणि मदतनीस नवी मिळेपर्यंत ताटंही तीच घासत होती. वच्छलाबाईंनी मला पेढा देताना म्हटलं, “बरं झालं बाप्पा, एक तं पास झाली तुमच्यानं.” पण मला जे सांगायचं आहे ते निकालाचं नाही. त्याच दिवशीचं आहे.

तांड्यावर पोचलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. खेमसिंग नायक घड्याळ बघत वेशीवर उभा होता. आम्हाला पाहिलं आणि वाट करून दिली. अंगणात बायकांचा गराडा होता, तो दुभंगला. मध्ये रुपीबाई. एवढीशी म्हातारी. वर्षभर आवाज ऐकला, चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कोणीतरी तिचा मोबाईल अजून उशाशीच ठेवला होता.

रंजिता तिच्याजवळ बसली, तिच्या गळ्यात हात घातले आणि रडायला लागली. चालीवर. मला त्यांची बोली येत नाही. ‘याडी’ तेवढं कळत होतं. पण ऐकता ऐकता माझ्या कानांवर ‘पेपर’ हा शब्द आला. पुन्हा आला. मग ‘अर्ज’. मग ‘मार्क’. बायकांच्या हुंदक्यांत मला माझेच शब्द ऐकू यायला लागले.

मी खेमसिंगला विचारलं, “काय म्हणते हो ती?”

“सांगून राह्यली बुढीले,” तो कुजबुजला. डोळे पुसायला त्याने पागोट्याचा शेव ओढला. “मागच्या भेटीपासून काय-काय झालं ते सांगा लागते न. तं पेपरचंच सांगते. म्हंते, याडी, पह्यला सवाल सोडवला. दुसरा सोडवला. तिसऱ्यात एक चुकलं, मंग दुरुस्त केलं. अर्ज लेहला. अक्षर खराब आलं, पण लेहला.”

रंजिता एकेक प्रश्न सांगत गेली. क्रमाने, एकही न गाळता. कुरकुरणारे भावकीतले लोकही आता मान खाली घालून ऐकत होते. चार वाजले होते आणि कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. माझ्या खिशात प्रश्नपत्रिका होती. मला वाटलं, काढून ताडून पाहावं. पण त्याची गरज नव्हती, तिच्या लक्षात सगळं होतं.

शेवटी तिचा सूर खाली आला. तिने कपाळ आईच्या कपाळाला टेकवलं आणि एक लांबलचक ओळ म्हटली. मग थांबली.

“आता काय म्हणाली?”

खेमसिंगने पागोट्याचा शेव पुन्हा डोळ्यांना लावला. “म्हंते, एक चार मार्काचा सवाल तेवढा राह्यला, याडी. टाइम नाही पुरला. रागावू नको.”

मग गंगीने तिला हाताला धरून उठवलं, आणि चौघांनी रुपीबाईला उचललं.